नकाशासंचाच्या अनुक्रमणिकेविषयी वास्तुविशारद कार्यालयांच्या प्रमुखांस खुले पत्र

मराठी मुलखातील व मुलखाबाहेरील वास्तुविशारद कार्यालयांच्या सन्माननीय प्रमुखांस,



आपल्यापैकी बहुतेकांशी माझी प्रत्यक्ष ओळख नाही. परंतु आपल्या कार्यालयांतून निघणाऱ्या नकाशांशी माझा परिचय दीर्घ आणि निकटचा आहे. बांधकामावर येणारे नकाशे रुजू करून घेणे, ते कोणत्या तारखेचे आणि कोणत्या दुरुस्तीचे आहेत हे पाहणे, जुन्या प्रतींवर रद्द असा शिक्का मारून त्या दफ्तरी लावणे आणि नव्या प्रती कंत्राटदाराच्या, सल्लागार अभियंत्यांच्या व प्रसंगी सरकारी कचेरीच्या हाती पोहोचविणे, हे माझे काम आहे. एखाद्या इमारतीची कल्पना किती सुंदर आहे हे ठरविण्याचा अधिकार मला नाही आणि तशी इच्छाही नाही. परंतु ती कल्पना कागदांच्या ज्या गठ्ठ्यातून प्रवास करीत विटा-सिमेंटापर्यंत पोहोचते, त्या गठ्ठ्याची घडी नीट बसली आहे की विस्कटली आहे, हे मला प्रत्यही पाहावे लागते. आणि ती घडी बहुधा पहिल्याच शीटवर, नकाशांच्या अनुक्रमणिकेत, विस्कटलेली आढळते म्हणून हे पत्र.

इमारत रेखाटणाऱ्याला अनुक्रमणिकेची गरज भासत नाही, कारण अवघा संच त्याच्या मनात असतो. ती भासते ज्यांनी रेखाटलेले नाही त्यांना. निविदा भरणारा कंत्राटदार दरांचा हिशोब मांडण्यापूर्वी संच पुरा हाती आला आहे की नाही हे तिच्यावरून पडताळतो. परिमाणांची मोजदाद करणारा कोणत्या नकाशावरून कोणती मोजमापे घ्यावयाची हे तिच्यावरून ठरवितो. साइटवरचा अभियंता हातातला कागद चालू आहे की बाद झालेला आहे याचा निवाडा तिच्या आधारे करतो. आणि पुढे मागे वाद उपस्थित होऊन तो लवादापुढे गेलाच, तर अमुक तारखेला अमुक कामाबाबत कोणता नकाशा अमलात होता, या प्रश्नाचे उत्तर करारनाम्याला जोडलेल्या नकाशांच्या यादीतच प्रथम शोधले जाते. ज्या कागदावर इतक्या लोकांचा इतका भरवसा, तो कागद आपल्या कार्यालयांत कोण तयार करतो आणि केव्हा तयार करतो, याची चौकशी आपण एकदा करून पाहावी. बहुतेक ठिकाणी तो निविदेच्या आदल्या रात्री, कार्यालयात सर्वांत अलीकडे रुजू झालेल्या मुलाकडून वा मुलीकडून, एका रिकाम्या शीटवर रेघा ओढून आणि शीटांची नावे एकेक करून हाताने टाइप करून तयार होतो. त्या मुलांचा यात काहीही दोष नाही. जे काम त्यांना कोणी शिकविले नाही आणि ज्याला कोणी वेळ नेमून दिला नाही, ते त्यांनी जमेल तसे पार पाडलेले असते.

माझी पहिली आणि मुख्य तक्रार हीच आहे की, जो मजकूर सॉफ्टवेअरमध्ये आधीच नोंदलेला असतो, तो आपण दुसऱ्यांदा हाताने लिहवून घेता. प्रत्येक शीटच्या टायटल ब्लॉकमध्ये तिचा क्रमांक, तिचे नाव, दुरुस्तीचे अक्षर आणि तारीख ही भरलेलीच असतात. तीच माहिती पहिल्या शीटवर पुन्हा टाइप केली की एका सत्याच्या दोन नकला होतात, आणि त्यांपैकी एक बदलली व दुसरी तशीच राहिली म्हणजे कोणती खरी मानावी हे सांगावयास रात्री साइटवर कोणीही उपस्थित नसते.

याचा परिणाम काय होतो, हे मी एका प्रसंगावरून सांगते. तालुक्याच्या गावी चाललेल्या एका रुग्णालयाच्या कामावर शौचालयांच्या रांगेमागील डक्टची जागा प्लंबिंग सल्लागारांच्या सांगण्यावरून सरकविण्यात आली. वास्तुविशारदांच्या कार्यालयाने संबंधित शीटवर ती दुरुस्ती बिनचूक केली, दुरुस्तीचे अक्षर ‘बी’चे ‘सी’ केले आणि सबंध संचाची एकच पीडीएफ साइटवर पाठविली. पहिल्या पानावरील अनुक्रमणिका मात्र हाताने टाइप केलेली होती आणि तिच्यात त्या शीटसमोर ‘बी’ हेच अक्षर राहून गेले. आता साइटवरची रीत अशी की, नवा संच आला म्हणजे सगळ्या शीटा पुन्हा छापीत नाहीत. मोठ्या आकाराच्या छपाईची गावात सोय नसते आणि खर्चही फार येतो. म्हणून अनुक्रमणिका पुढे घेऊन ज्यांचे अक्षर बदलले आहे तेवढ्याच शीटा छापावयाच्या आणि बाकीच्या भिंतीवर लावलेल्या तशाच राहू द्यावयाच्या. तेथील अभियंत्याने नेमके हेच केले. यादीत ‘बी’, भिंतीवर ‘बी’. दोहोंचा मेळ बसला. स्लॅबमध्ये ठेवावयाची मोकळी जागा जुन्या ठिकाणी ठेवली गेली, सेंटरिंग झाले, सळया बांधल्या, काँक्रीट पडले. पुढे कोअर कटिंगचे यंत्र आणून तयार स्लॅब कापावा लागला, कापल्या गेलेल्या सळयांसाठी आर. सी. सी. सल्लागारांकडून मजबुतीकरणाचा तपशील घ्यावा लागला आणि खालच्या मजल्याचे छत महिनाभर उघडे राहिले. त्या अभियंत्यावर ठपका ठेवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा मला अतिशय वाईट वाटले, कारण त्या साखळीत आपले कर्तव्य अक्षरशः पार पाडणारा जो एक इसम होता, तो तोच होता.

हे टाळण्याची साधने नवी नाहीत. ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आले तेव्हा अनुक्रमणिका हाताने लिहिण्यावाचून इलाज नव्हता हे मान्य. परंतु त्याच ऑटोकॅडच्या २००५ या आवृत्तीत शीट सेट मॅनेजर आला आणि तेव्हापासून संचातील शीटांची यादी कोष्टकरूपाने पहिल्या शीटवर आपोआप मांडता येते. रेव्हिट २००० साली आले आणि २००२ साली ऑटोडेस्कने ते विकत घेतले. त्यात शीट लिस्ट हे खिडक्या-दारांच्या शेड्यूलसारखेच एक शेड्यूल आहे, आणि शीटवर अक्षर बदलले की यादीत ते त्याच क्षणी बदलते. १९८२ साली बुडापेस्टमध्ये स्थापन झालेल्या ग्राफिसॉफ्ट कंपनीच्या आर्किकॅडमध्ये लेआउट बुक आहे, त्यात शीटांचे गट पाडता येतात आणि त्या गटांवरून अनुक्रमणिका निघते. ऑटोकॅडमधील कोष्टक मात्र शीटांत बदल झाल्यावर सांगून अद्ययावत करून घ्यावे लागते, हे छपाईपूर्वी ध्यानात ठेवले पाहिजे. परवान्यासाठी दरवर्षी आपण जी मोठी रक्कम मोजता, तिच्यात ही सोय आधीच आलेली आहे. तेव्हा उणीव साधनाची नसून निर्णयाची आहे, आणि तो निर्णय कारकुनाने किंवा उमेदवाराने घ्यावयाचा नसून आपण घ्यावयाचा आहे, असे मी आदरपूर्वक परंतु स्पष्टपणे सांगू इच्छिते.

त्या निर्णयाचा गाभा म्हणजे शीटांचे क्रमांकन. संचाची रचना पहिली रेघ ओढण्यापूर्वी ठरली पाहिजे. पुष्कळ कार्यालयांत शीटा जशा तयार होतात तसे त्यांना क्रमांक मिळत जातात. त्यामुळे तळमजल्याचा नकाशा तिसरा, जिन्याचा तपशील चौथा, पहिला मजला अकरावा आणि दरवाज्यांचे शेड्यूल सातवे, असा क्रम होऊन बसतो आणि जो नकाशा हवा तो शोधण्यासाठी संपूर्ण गठ्ठा उलगडावा लागतो. भारतीय मानक ब्यूरोचे वास्तु व इमारतींच्या नकाशांविषयीचे आयएस ९६२ हे मानक आहे, त्याची १९८९ ची आवृत्ती आपल्या ग्रंथसंग्रहात बहुधा असेल. परंतु संगणकीय संचाच्या क्रमांकनासाठी मला सर्वांत उपयोगी वाटलेली पद्धत अमेरिकेतील नॅशनल कॅड स्टँडर्डची आहे, आणि ती तेथली आहे म्हणून नव्हे तर विचारपूर्वक बसविलेली आहे म्हणून मी तिची शिफारस करते. त्या पद्धतीत क्रमांकाचे पहिले अक्षर शाखा दाखविते: जी म्हणजे सर्वसाधारण, सी म्हणजे स्थापत्य, एल म्हणजे भूदृश्य, एस म्हणजे संरचना, ए म्हणजे वास्तुरचना, पी म्हणजे प्लंबिंग, एम म्हणजे यांत्रिकी, ई म्हणजे विद्युत्. त्यानंतरचा एक अंक नकाशाचा प्रकार दाखवितो: ० म्हणजे टिपा व चिन्हे, १ म्हणजे प्लॅन, २ म्हणजे दर्शनी देखावे, ३ म्हणजे छेद, ४ म्हणजे मोठ्या स्केलवर काढलेले भाग, ५ म्हणजे तपशील, ६ म्हणजे शेड्यूल व आकृत्या, ९ म्हणजे त्रिमित दृश्ये; ७ आणि ८ हे अंक कार्यालयाने आपापल्या गरजेनुसार वापरावयाचे. शेवटचे दोन अंक अनुक्रमाचे. म्हणजे ए-३०२ असे वाचताच, यादी न पाहताही, ही वास्तुरचनेच्या छेदांची शीट आहे हे साइटवरच्या माणसाला कळते. क्रमांकाकडून इतके साधले म्हणजे त्याचे सार्थक झाले.

ही पद्धत सॉफ्टवेअरमध्ये बसविताना दोन अडचणी येतात आणि त्या दोन्हींनी पुष्कळांना त्रस्त करून सोडले आहे, म्हणून मी त्यांविषयी जरा विस्ताराने लिहिते. पहिली अशी की, यादी अक्षरांच्या क्रमाने लावली असता ए आधी येतो, मग सी, मग ई, मग जी. म्हणजे ज्या शीटवर सबंध संचाच्या टिपा आहेत ती सर्वसाधारण गटाची शीट मध्येच कोठेतरी जाऊन पडते आणि संरचनेचे नकाशे प्लंबिंगच्याही मागे जातात. शाखांचा स्वाभाविक क्रम वर्णमालेचा नसून कामाचा आहे. यावर उपाय म्हणून काही कार्यालये शाखेच्या अक्षरापूर्वी अंक किंवा टिंबे घालतात आणि क्रमांक विद्रूप करून टाकतात. त्यापेक्षा सोपा आणि स्वच्छ मार्ग असा की, प्रत्येक शीटला शाखेचा अनुक्रम म्हणून एक जादा रकाना द्यावा, जी ला १०, सी ला २०, एल ला ३०, एस ला ४०, ए ला ५० असे आकडे द्यावे, यादी प्रथम त्या रकान्याने व नंतर शीटच्या क्रमांकाने लावावी आणि छपाईत तो रकाना झाकून ठेवावा. दहादहाचे अंतर अशासाठी की, पुढे अग्निशमनाची किंवा अंतर्गत सजावटीची शाखा वाढली तर तिला मध्ये जागा मिळावी. ज्यांना संरचनेपूर्वी वास्तुरचना हवी असेल त्यांनी आकडे बदलावेत. क्रम कोणता यापेक्षा तो एकदाच ठरावा आणि कार्यालयाच्या टेम्प्लेटमध्ये कायम व्हावा, हे अधिक महत्त्वाचे आहे. अनुक्रमाचे अंक नेहमी दोन असावेत हेही याच कारणासाठी, कारण अक्षरक्रमाने लावलेल्या यादीत १० हा २ च्या आधी येऊन बसतो.

दुसरी अडचण आपोआप क्रमांक देण्याच्या सोयीची आहे. आर्किकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये गटातील शीटांना क्रमाने क्रमांक लागत जातात; आराखड्याच्या अवस्थेत ही सोय उत्तम आहे. परंतु संच एकदा बाहेर गेल्यावर मध्ये एक नवी शीट घातली की तिच्यामागील सर्व शीटांचे क्रमांक एकेकाने पुढे सरकतात, आणि कंत्राटदाराच्या पत्रव्यवहारात, मोजमापाच्या पुस्तकात व आर. सी. सी. नकाशांवरील संदर्भांत जे जुने क्रमांक लिहिले गेले आहेत ते सर्व एका क्षणात भलत्याच शीटांकडे बोट दाखवू लागतात. म्हणून माझी विनंती अशी की, निविदा जारी होण्याच्या दिवशी क्रमांक गोठवावेत, आपोआप क्रमांकन त्या शीटांपुरते बंद करावे आणि मध्ये येऊ शकणाऱ्या शीटांसाठी आधीपासूनच अंतर मोकळे सोडावे. अनुक्रम सलग असलाच पाहिजे असे नॅशनल कॅड स्टँडर्डही म्हणत नाही. रद्द झालेल्या शीटचा क्रमांक दुसऱ्या शीटला कदापि देऊ नये. ती शीट यादीत राहावी आणि तिच्यासमोर रद्द असा शेरा व तारीख असावी. यादीतून ती निमूटपणे नाहीशी झाली तर साइटवरचा माणूस ती आपल्यापर्यंत पोहोचलीच नाही असे समजून आठवडाभर पत्रे लिहीत बसतो.

याच ओघात आणखी एक गोष्ट, जी पाहून मी खरोखर व्यथित झाले आहे. रेव्हिटमध्ये एकाच फाइलीत दोन शीटांना एकच क्रमांक देता येत नसे. ही मर्यादा ओलांडण्यासाठी काही मंडळी क्रमांकाच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारे एखादे युनिकोड अक्षर चिकटवीत आणि दोन निरनिराळ्या शीटांवर दिसावयास अगदी सारखा क्रमांक उमटवीत. असा क्रमांक शोधून पाहिला तर सापडत नाही, दुसऱ्या यादीशी ताडला तर जुळत नाही, आणि का जुळत नाही हे वाचणाऱ्याला कोणत्याही उपायाने कळत नाही. २०२५ च्या आवृत्तीपासून शीटांचे वेगवेगळे संग्रह करण्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आली आहे आणि क्रमांक एकाच संग्रहात अद्वितीय असला म्हणजे पुरे होते. सोय स्वागतार्ह आहे. पण तिचा फायदा घेणाऱ्याने प्रत्येक संग्रहाचे नाव टायटल ब्लॉकवर छापावयास हवे, नाहीतर एका टाउनशिपच्या दोन इमारतींचे ए-१०१ साइटवर एकाच टेबलावर येतील आणि कोणता कोणत्या इमारतीचा हे कागदावर कोठेही लिहिलेले नसेल.

आता दुरुस्त्यांविषयी. अनुक्रमणिका संचाची आजची स्थिती सांगते. परंतु कालची स्थिती काय होती हे सांगणारा दुसरा कागद लागतो, आणि तो पुष्कळ कार्यालयांत नसतोच. आपल्याकडील जुन्या हिशेबनिसांना हा भेद पक्का ठाऊक होता. घडलेला व्यवहार रोजकीर्दीत तारखेच्या क्रमाने लिहावयाचा आणि मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवावयाचा, ही त्यांची शिस्त होती. आणि पेशव्यांच्या रोजनिशांतून गणेश चिमणाजी वाड यांनी जे उतारे निवडले, ते निवडता आले ते तारीखवार नोंद ठेवण्याची ती शिस्त दफ्तरात पाळली गेली होती म्हणून. नकाशांची अनुक्रमणिका ही खतावणी आहे. कोणत्या तारखेला कोणती शीट कोणाला कोणत्या कारणासाठी पाठविली, ही नोंद म्हणजे रोजकीर्द. केवळ खतावणी ठेवून रोजकीर्द न लिहिणारा कारकून त्या काळी नोकरीत टिकला नसता. सॉफ्टवेअरने यासाठीही साधने दिली आहेत: आर्किकॅडच्या २०१४ साली आलेल्या अठराव्या आवृत्तीपासून शीटांच्या वितरणाचा इतिहास प्रोग्राममध्येच ठेवता येतो, आणि रेव्हिटमध्ये प्रत्येक वितरणाच्या तारखेसाठी एक रकाना घेऊन त्या तारखेस गेलेल्या शीटांसमोर ठिपका मांडण्याची पद्धत पुष्कळ कार्यालये यशस्वीपणे पाळतात. अशी ठिपक्यांची यादी पाहताच, जिन्याचा तपशील फेब्रुवारीत गेला आणि मार्चमध्ये गेला नाही, हे कोणासही कळते. तिच्यावर लवादापुढे वाद घालणे कठीण असते आणि वाद न घालता मिटविणे सोपे असते.

दुरुस्तीच्या अक्षराबरोबर नकाशाचा दर्जाही यादीत हवा. माहितीसाठी पाठविलेला नकाशा, निविदेसाठीचा नकाशा आणि ज्यावर गुड फॉर कन्स्ट्रक्शनचा शिक्का आहे तो नकाशा, हे तीनही कागद दिसावयास एकसारखे असतात. ब्रिटनमध्ये आयएसओ १९६५० या २०१८ च्या मानकाच्या राष्ट्रीय परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक दुरुस्त्यांना पी०१, पी०२ असे आणि करारबद्ध दुरुस्त्यांना सी०१, सी०२ असे लिहितात, त्यामुळे अक्षरावरूनच कागदाचा अधिकार कळतो. आपण ती पद्धत स्वीकारा वा न स्वीकारा. पण यादीत दर्जाचा एक रकाना असू द्या. महानगरपालिकेने मंजूर केलेला संच आणि कामाचा संच यांची सरमिसळ तर कधीच होऊ देऊ नका. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ ने विकासकाला मंजूर नकाशांबरहुकूम बांधण्याचे बंधन घातले आहे, आणि मंजूर नकाशा कोणता हे जर आपल्याच यादीवरून सिद्ध करता आले नाही, तर आपल्या आशिलाचा बचाव करणे आपल्यालाच जड जाईल.

सल्लागारांच्या नकाशांचा प्रश्न थोडक्यात उरकते. आर. सी. सी., प्लंबिंग आणि विद्युत् यांचे नकाशे वेगळ्या कार्यालयांतून येतात व त्यांची यादी वेगळी असते, म्हणून संपूर्ण कामाची एकत्र यादी कोणाकडेच नसते. रेव्हिटमध्ये प्रत्यक्ष शीट नसतानाही यादीत तिची ओळ घालता येते, आणि जोडलेल्या फाइलींतील शीटाही यादीत घेता येतात. ऑटोकॅडमध्येही इतर फाइलींतील शीटा संचात सामील करता येतात. ही एकत्र यादी वास्तुविशारदाने ठेवावी असे मला वाटते, कारण कामाचा समन्वय करण्याचे उत्तरदायित्व त्याचे आहे आणि दुसरा कोणीही ते पत्करणार नाही.

शीटांची नावे हा त्याहून लहान विषय वाटतो, पण साइटवर तो लहान राहत नाही. एकाच संचात ‘ग्राउंड फ्लोअर प्लॅन’, ‘जी. एफ. प्लॅन’ आणि ‘प्लॅन अ‍ॅट ग्राउंड लेव्हल’ अशी तीन नावे तीन शीटांवर असली, तर ते तीन नकाशे आहेत की एकाच नकाशाच्या तीन आवृत्त्या, हा संशय येणे स्वाभाविक आहे. मजला, भाग, नकाशाचा प्रकार, या क्रमाने नाव लिहावयाचे असे एकदा ठरवून त्याची एक पानी फेरिस्त कार्यालयात लावावी. तसेच चर्चेसाठी काढलेली कच्ची शीट यादीत उमटू देऊ नये. रेव्हिटमध्ये शीट यादीत दिसावी की नाही यासाठी प्रत्येक शीटला एक चौकट असते. ती चौकट कोणी काढली वा लावली याची विचारणा वितरणापूर्वी करण्याची जबाबदारी कोणा एका व्यक्तीकडे असली पाहिजे, कारण ती अजाणता काढली गेली तर पुरी शीट यादीतून अदृश्य होते आणि संच अपुरा असल्याची शंकाही कोणास येत नाही.

ती व्यक्ती कोण असावी? माझे उत्तर असे की, कार्यालयातील जिला नकाशे वाचण्याचा आणि साइटवर उभे राहण्याचा दोन्ही अनुभव आहे, अशी एक अनुभवी व्यक्ती आपण नावानिशी नेमावी, तिच्या संमतीवाचून कोणताही संच बाहेर जाऊ नये आणि त्या कामाला आपल्या वेळापत्रकात स्वतंत्र मुदत असावी. सेवाशुल्क ठरविताना नकाशांच्या संख्येचा व छपाईचा हिशोब आपण करता. अनुक्रमणिका व वितरणाची नोंद यांच्या कामाचेही शुल्क लावा आणि आशिलाला ते का लावले हे सांगा. वास्तुकलेच्या महाविद्यालयांत शिकविणारे आपल्यापैकी अनेक आहेत. त्यांनी वर्किंग ड्रॉइंगच्या विषयात विद्यार्थ्यांकडून शीटांइतकीच यादीही तपासून घ्यावी आणि तिला गुण द्यावेत. परीक्षेत ज्याला गुण नसतात ते विद्यार्थी शिकत नाहीत.

एक अखेरची विनंती करारनाम्यासंबंधी आहे. करारावर सह्या होण्याच्या दिवशी सॉफ्टवेअरमधून निघालेली त्या तारखेची अनुक्रमणिका छापून घ्यावी, तिच्यावर मालक, कंत्राटदार आणि वास्तुविशारद या तिघांच्याही सह्या घ्याव्यात आणि ती करारनाम्याला जोडावी. त्यानंतरच्या प्रत्येक वितरणाची यादीही जुनी पुसून नवी करण्याऐवजी पीडीएफ करून तारखेच्या नावाने जतन करावी. सॉफ्टवेअरमधील यादी नेहमी आजची असते, तिला कालची विचारता येत नाही. ज्या कार्यालयांना आपल्या टेम्प्लेटमध्ये ही रचना बसवून घ्यावयाची असेल, त्यांना साइटकडून काय हवे असते याचा तपशील लेखी कळविण्यास मी सिद्ध आहे; त्यासाठी मला कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा नाही. पावसाळ्यानंतर ज्यांच्या निविदा निघावयाच्या आहेत त्यांना हे करावयास अद्याप अवसर आहे.



आपली नम्र,
बांधकामावरील नकाशा-दफ्तराची एक संयोजक
पुणे